काटा शून्यावर

"गाडीत काही नाही रे. माझ्यात आहे. किती वेळा सांगू?" असं म्हणून बाबांनी हातातला कप बॅटरीच्या डोक्यावर आपटला, आणि ठिणग्याच्या हातातला पाना सुटून इंजिनाच्या पोटात गेला. खण्ण, खण्ण, आणि मग काहीच नाही. जमिनीवर पडल्याचा आवाज आलाच नाही. म्हणजे अडकला मध्येच कुठेतरी, आता शोधत बसा. "तुमच्यात काय आहे?" तो ओरडला. "काय आहे ते तरी सांगा ना. स्कॅनर तुम्हालाच लावतो मग. कुठे लावू, कानात?" मागे मोडक्या गाडीच्या काढून ठेवलेल्या सीटवर आडवा झालेला मिस्त्री डोळे न उघडता म्हणाला, "तिथे लागत नाही. माझ्या बायकोनं माझ्यावर करून बघितलंय." कोणी हसलं नाही. मिस्त्रीच्या विनोदांना हसू आलं नाही तरी त्याचं काही अडायचं नाही, तो आपला कूस बदलून परत पडायचा. बाबा मात्र खाली बघत राहिले. हेच ठिणग्याला सहन व्हायचं नाही. माणसानं ओरडावं, एक ठेवून द्यावी, निदान निघून तरी जावं. हे नुसतं खाली बघणं म्हणजे ओल्या लाकडाला काडी लावत बसण्यासारखं. काड्या संपतात, डोळ्यात धूर जातो, लाकूड आपलं तसंच.

ठिणग्या हे नाव मिस्त्रीनं पाडलेलं. गॅरेजात आल्या आल्या त्यानं एकच पाना बॅटरीच्या दोन्ही टोकांना टेकवला होता आणि जी ठिणगी उडाली तिनं मिस्त्रीच्या भुवईचे केस गेले होते. पुढे डोकंही तसंच निघालं, म्हणून नाव चिकटलं. घरी आई त्याला दुसऱ्या नावानं हाक मारायची, पण अलीकडे त्या नावाला तो पटकन ओ देत नसे. ते नाव शाळेच्या हजेरीतलं होतं.

बाबा शाळेतली मुलं नेआण करायचे. सात सीटची गाडी, स्वतःची, फिकट करडी. गेल्या आठवड्यात पुलाच्या उतारावर गाडी बंद पडली. त्या दिवशी नेमकी एका मुलाची आई पुढच्या सीटवर बसली होती, तिला शाळेत बाईंना भेटायचं होतं म्हणून. मागे ट्रकनं करकचून ब्रेक मारला, मुलं पुढच्या सीटवर आपटली, एकाचा ओठ फुटला. आणि त्या बाईनं काय बघितलं, तर ड्रायव्हरचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे समोर, आणि माणूस हलत नाही. ती म्हणत होती ओ काका, ओ काका, आणि काका हूं की चूं नाही. तिनं बाकीच्या आयांना सांगितलं की तो डोळे उघडे ठेवून झोपला होता. त्यानंतर फोन सुरू झाले. एकेक फोन असा गोड की ऐकणाऱ्याच्या दाताला मुंग्या येतील. सध्या ह्यांनाच वेळ असतो हो सोडायला. सध्या आजोबाच नेतात हो. बाबा प्रत्येकाला बरं, बरं, म्हणत होते. भांडले नाहीत. भांडायला हवं होतं असं ठिणग्याला वाटत होतं, आणि भांडायला हातात काहीच नाही हेही त्याला माहीत होतं. कारण गाडी मिस्त्रीकडे आणली तर तिच्यात काही निघालंच नाही. गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदलेले दोष वाचायला स्कॅनर लावला, कोरा. पेट्रोलचा पंप बदलला. सकाळच्या गारव्यात मिस्त्रीनं दोन चकरा मारल्या, गाडी मांजरासारखी गुरगुरत राहिली. मग बाबा एकटेच घेऊन गेले, तर चौकात परत बंद. थोडा वेळ थांबले, चालू झाली. माझ्याच हातात पडते बंद, ते म्हणाले. आणि आज सकाळी म्हणाले की गिऱ्हाईक बघितलंय, संध्याकाळी येऊन गाडी घेऊन जाईल. ड्रायव्हिंग संपलं आपलं.

भांडण तिथून सुरू झालं होतं आणि ते दुपारपर्यंत तसंच, बंद न केलेल्या नळासारखं ठिबकत होतं. गाडी गेली तर जाऊ दे, लोखंडच ते. पण बाबा रोज सकाळी दाढी करताना आरशासमोर काहीतरी पुटपुटतात हे ठिणग्यानं पाहिलं होतं. आधी त्याला वाटलं हिशोब करत असतील. मग एकदा टॉवेल घ्यायला म्हणून तो मागे जाऊन उभा राहिला आणि ऐकलं. डावीकडे औषधांचं दुकान, उजवीकडे जुळ्या मुली, मग पाण्याची टाकी, मग चष्मेवाला मुलगा. मुलांना घ्यायचा रस्ता. एवढ्या वर्षांत जो पायांनाच पाठ झाला होता तो रस्ता ते तोंडानं म्हणून बघत होते. पाण्याच्या टाकीनंतर अडखळले, ब्लेड गालावर तसंच थांबलं, मग म्हणाले, चष्मेवाला, आणि आरशातल्या स्वतःकडे पेपर तपासणाऱ्यानं अर्धा मार्क देताना बघावं तसं बघितलं. ठिणग्याला ते बघून एवढा राग आला की त्यानं टॉवेल न घेताच ओल्या अंगावर शर्ट चढवला. राग कुणाचा ते त्याला कळलं नव्हतं. त्याचं नेहमीचंच. राग आधी यायचा, कारण मागून चालत यायचं, कधी कधी यायचंच नाही.

आता तो पाना शोधायला वाकला, आणि वाकल्यावर कपाशेजारी बॅटरीचं काळं टर्मिनल त्याच्या डोळ्यांसमोर आलं. बाकी सगळ्या इंजिनावर धूळ आणि तेलाचा चिकटा, आणि ही एवढी पकड चकचकीत. रोज हात लागलेल्या दाराच्या कडीसारखी. तो तसाच वाकून राहिला. लहानपणी संध्याकाळी बाबा गाडी लावायचे, बॉनेट उघडायचे, दहाच्या पान्यानं टर्मिनल सैल करून काढायचे आणि पिवळ्या फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवायचे. फडकं धरायचा मान त्याचा. एका सकाळी बॅटरी उतरली होती आणि मुलांची परीक्षा चुकली होती, तेव्हापासून लागलेली सवय ती. झोपली का बॅटरी? तो विचारायचा. झोपली, बाबा म्हणायचे, आता हळू बोल. आणि तो खरंच घरात जाईपर्यंत हळू बोलायचा, आईला सुद्धा कानात सांगायचा की भूक लागली. त्या पिवळ्या फडक्याचा वास अजून नाकात होता.

"बाबा," तो वर न बघता म्हणाला, "हे तुम्ही अजून काढता? रोज?"

"काढतो. मग?"

"पुलावर बंद पडली त्या दिवशी पण?"

"रोज म्हटलं ना. त्या दिवशी काय बॅटरीला सुट्टी होती?"

"आणि इथे? गाडी इथे उभी होती तेव्हा?"

मिस्त्रीनं एक डोळा उघडला. "येतो की हा रोज संध्याकाळी. काढतो नि जातो. मला वाटलं चोराची भीती." मग दुसरा डोळा उघडला, आणि तो उठूनच बसला. "अरे. अरे माझ्या कर्मा."

"यंत्र खोटं बोलत नाही म्हणता ना तुम्ही," ठिणग्या मिस्त्रीवर उसळला. "बोलत नसेल. पण त्याला विसरायला लावलं तर? टर्मिनल काढलं की या गाडीचा कॉम्प्युटर सगळं विसरतो. दिवसभरात काय बिघडलं ते त्यानं लिहून ठेवायचं आणि रात्री यांनी पाटी पुसायची. सकाळी स्कॅनर लावून तुम्ही बघता तर काय, स्वच्छ! आपण आपले घोडं कुठे पेंड खातंय ते शोधतोय आणि हे रोज पेंडच उचलून ठेवतायत."

त्याला वाटलं होतं बाबांचा चेहरा उजळेल. तसं काही झालं नाही. ते कप उचलून त्याच्या बुडाकडे बघत राहिले, तिथे गोल ओला डाग राहिला होता तो अंगठ्यानं पुसला, आणि म्हणाले, "बघ. म्हणजे हे पण मीच केलं."

मिस्त्रीनं स्कॅनरची वायर स्टिअरिंगखालच्या खोबणीत खोचली आणि ठिणग्याच्या पाठीवर एक थाप मारली. ती शाबासकी होती की गप्प बस म्हणून होती ते कळलं नाही. मग गाडी उन्हात काढली. बॉनेट बंद, काचा बंद, एसी पूर्ण. सकाळी गार असते तेव्हा चालते, तापली की मरते ना, तर तापू दे, आणि मेली की स्कॅनरच्या डोळ्यांदेखत मरू दे. बाबा स्टिअरिंगवर बसायला तयार नव्हते. म्हणून ठिणग्या ड्रायव्हरच्या जागी आणि बाबा त्या बाईच्या जागी, असे दोघं एका उभ्या गाडीत बसले. कुठे जायचं नव्हतं. समोर गॅरेजची भिंत, भिंतीवर जुन्या टायरांनी पडलेली काळी अर्धवर्तुळं. एसीतून आधी थंड, मग कोमट, मग नुसती हवा यायला लागली. स्कॅनरच्या पडद्यावर इंजिनाचे फेरे थोडे वर, थोडे खाली, झोपलेल्या माणसाच्या पोटासारखे. बघता बघता त्याच्या पापण्या जड झाल्या आणि त्याला कळलं की एवढ्या दिवसांत आपण दोघं असे एका जागी बसलेलोच नाही. मागच्या वेळी बसलो होतो ते याच गाडीत. मागच्या सीटवर.

त्या दिवशी त्यानं दप्तर मांडीवर घेतलं होतं आणि म्हणाला होता, मी उद्यापासून जाणार नाही. बाबा म्हणाले होते, शाळेत काही झालं का? आणि तो म्हणाला होता, शाळेत काही नाही, माझ्यात आहे. त्यावर बाबा एवढंच म्हणाले, बरं. ते बरं अजून त्याच्या घशात अडकलं होतं. इतरांचे बाप पट्टा काढतात, हातापाया पडतात, कुणाला तरी भेटायला नेतात. त्याच्या बापानं बरं म्हटलं आणि दुसऱ्याच आठवड्यात त्याला मिस्त्रीकडे आणून सोडलं, जसं काही ते आधीच ठरलं होतं. खरं तर तो तयारी करून बसला होता. विचारलं असतं तर सांगणार होता. वर्गात बसलेलं असताना सगळं नीट चाललेलं असायचं, बाई बोलतायत, फळ्यावर खडू चालतोय, आणि मध्येच एकदम काहीतरी गळायचं. बाईंचं तोंड हलताना दिसायचं पण शब्द पोचायचे नाहीत. आणि पोचायला लागले की ते पुढच्याच कशाबद्दल तरी असायचे. मधलं गेलेलं असायचं. सगळी मुलं पुढे निघून गेलेली आणि हा तिथेच, चालत्या वर्गात उभा. मग विचारलं की उत्तर येत नसे, हसले की राग येई, आणि रागात हाताशी येईल ते फेकलं जाई. कंपास, डबा, एकदा बाकच. सगळ्यांना बाक दिसला. त्याच्या आधीचं कुणी विचारलं नाही. कुणी शेजारी बसून बघितलं नाही की बघू, कधी होतं, कसं होतं.

घाम कानामागून मानेवर उतरला. फेरे तसेच होते. इंजिन मरायला तयार नव्हतं. गॅरेजातल्या खिळ्यावर टांगलेलं चाक इथूनही दिसत होतं, दुसऱ्या कुठल्यातरी गाडीच्या क्रँकवरून निघालेलं, कडेला बारीक दाते असलेलं. क्रँक म्हणजे इंजिनाचा कणा, तो फिरला की सगळं फिरतं. त्याच्या चाकाजवळ एक सेन्सर असतो, अंगठ्याएवढा, आणि तो नुसते दाते जाताना बघतो. दाता गेला, दाता गेला, दाता गेला. ते चाक पहिल्यांदा हातात आलं तेव्हा ठिणग्या म्हणाला होता, मिस्त्री, भंगार आहे, दोन दाते तुटलेत. आणि मिस्त्री पोट धरून हसला होता. तुटले नाहीत रे, ठेवलेच नाहीत. ती रिकामी जागा आली की कॉम्प्युटरला कळतं की हां, आता आपण इथे आहोत. सगळेच दाते सारखे असते तर गोल गोल फिरून त्याला काय डोंबल कळणार होतं, कुठे सुरुवात नि कुठे शेवट? त्या दिवशी ठिणग्यानं ते चाक भंगारात टाकू दिलं नाही. काम नसलं की तो त्याच्या कडेवरून बोट फिरवत बसायचा. खरखर, खरखर, खरखर, आणि मग ती जागा. तिथे बोट जरा आत जायचं आणि त्याला बरं वाटायचं.

"नाही पडत बंद," बाबा म्हणाले. आवाजात ना समाधान ना दुःख. "तू बसलास ना. तुझ्या हातात नाही पडणार."

"गप्प बसा हो जरा."

 बाबा काचेबाहेर बघू लागले, आणि मग म्हणाले, "तुला एक सांगू? आईला बोलायचं नाही."

 बोललो तर ते थांबतील एवढं ठिणग्याला कळत होतं, आणि गप्प बसणं त्याला किती जड जातं हे त्याचं त्यालाच माहीत. त्यानं जीभ दातांखाली धरली.

"ती बाई म्हणते ते खोटं नाही. मी हललो नाही. मी काट्याकडे बघत होतो. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा असतो ना, तो. उतारावरून गाडी चालली होती, गिअरमध्ये होती, रस्ता मागे पळत होता. आणि काटा शून्यावर. इंजिन फिरत असताना काटा शून्यावर कसा असेल? फिरत होतं रे ते, पायाला कळत होतं मला. पाय सांगत होता फिरतंय, डोळा सांगत होता बंद आहे. मला कळेना कुणाचं ऐकू. आणि तेवढ्यात मला तुझे आजोबा दिसले."

"आजोबा कुठून आले मध्येच?"

"त्यांचं असंच सुरू झालं होतं. तू नव्हतास. खाटेवर बसून भिंतीकडे बोट करायचे, घड्याळ बंद पडलंय म्हणायचे. चांगलं चालू घड्याळ, टिकटिक ऐकू यायची शेजारच्या खोलीत. आम्ही म्हणायचो, अहो चालू आहे. ते म्हणायचे, बंद आहे. मग हळूहळू सगळंच गेलं, मी कोण ते पण. पण सुरुवात घड्याळापासून. हलणारी गोष्ट थांबलेली दिसायला लागली तिथून." त्यांनी तळहात मांडीवर पुसला. "दोनदा दिसलं मला. पुलावर आणि नंतर त्या चौकाकडे येताना. म्हणून म्हणतो, गाडीत नाही. मुलं बसवायची आणि मला असं दिसणार. कुणाचं पोरगं मारू मी?"

ठिणग्याच्या डोक्यात काहीतरी धाडकन जागेवर बसलं, एवढ्या जोरात की त्याला ते कानात ऐकू आल्यासारखं वाटलं. आणि जे तोंडातून बाहेर पडलं ते नेहमीसारखंच वाकडं पडलं. "हे आधी सांगता येत नव्हतं? एवढे दिवस! दातखीळ बसली होती का?" बाबा दचकले. "काटा कसा पडला? हळूहळू की धाडकन?" "अरे मी सांगतोय काय आणि तू..." "हळूहळू की धाडकन, बाबा!" "धाडकन," बाबा म्हणाले. "जसं कुणी बोटानं खाली ढकललं."

मग त्यानं सांगायला सुरुवात केली, आणि तो घाईत सांगत होता म्हणून सगळं उलटसुलट येत होतं. की काटा इंजिनाला बघतच नाही, काटा कॉम्प्युटरचं ऐकतो. कॉम्प्युटर पण इंजिनाला बघत नाही, तो त्या अंगठ्याएवढ्या सेन्सरचं ऐकतो. सेन्सर तापला की आतली तार तुटते आणि तो मुका होतो, गार झाला की परत जुळते. तो मुका झाला की कॉम्प्युटरला वाटतं इंजिन उभंच आहे, आणि उभ्या इंजिनाला कोण पेट्रोल देणार, कोण ठिणगी देणार? तो सगळं बंद करतो. पण उतारावर चाकं इंजिनाला ओढून फिरवत असतात. म्हणजे इंजिन फिरतंय आणि काटा शून्यावर, दोन्ही खरं. "तुम्हाला खरं तेच दिसलं. अख्ख्या गाडीत एकट्या तुम्हालाच दिसलं."

बाबा त्याच्याकडे बघत होते, बाजारात कुणी फारच स्वस्त भाव सांगितल्यावर माणूस बघतो तसे. "मला बरं वाटावं म्हणून बोलतोयस."

"मी? मी कधी कुणाला बरं वाटावं म्हणून बोललोय?"

हे मात्र बाबांना पटल्यासारखं दिसलं. पण ते पुरेसं नव्हतं. सेन्सर बदलून टाकू, आहे मिस्त्रीकडे एक, असं तो म्हणणार होता आणि थांबला. बदलला, गाडी बंद पडायची थांबली, तरी हा माणूस आरशासमोर उभा राहून पाण्याची टाकी, चष्मेवाला करतच राहील. ह्याला सेन्सर दाखवून उपयोग नाही, काटा दाखवायला हवा. तो दार उघडून उतरला, गाडीला वळसा घालून आला आणि बाबांच्या बाजूचं दार उघडलं. "तिकडे सरका. तुम्ही चालवा."

"नाही."

"मला लायसन्स नाही."

"मिस्त्रीला सांग."

"मिस्त्रीला दिसलं तर म्हणाल त्याचं वेगळं, माझं वेगळं. तुम्हीच."

"माझ्या गाडीत मूल बसवायचं नाही आता."

"मी मूल नाहीये!" तो इतक्या जोरात ओरडला की गॅरेजमधून मिस्त्री ओरडला, "कोण म्हणालं आहेस म्हणून?" बाबांच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग ते मध्ये गिअरवरून पाय टाकून, कण्हत, ड्रायव्हरच्या जागेवर सरकले. स्टिअरिंगला हात लावण्याआधी त्यांनी ते विजारीला पुसले.

बंद कारखान्याच्या मागचा रस्ता नेहमी रिकामाच. एका बाजूला लांबच लांब भिंत, दुसऱ्या बाजूला वाळलेलं गवत, आणि शेवटी उतार. बाबा हळू चालवत होते, स्वतःचीच गाडी उसनी आणल्यासारखे. खाली जाऊन वळवायची, वर यायचं, परत खाली. तापलेल्या इंजिनाचा वास आत यायला लागला होता. ठिणग्याच्या मांडीवर स्कॅनर होता पण तो बाबांच्या डाव्या पायाकडे बघत होता. "बंद पडली तरी क्लच दाबायचा नाही. गिअरमध्येच राहू दे." "पाय आपोआप जातो रे." "मग पायाला सांगा." एक फेरी. अजून एक. बाबांच्या शर्टाच्या खिशातला फोन वाजला, गिऱ्हाईकाचाच असणार, वाजून वाजून थांबला. किती दमलोय आपण, ठिणग्याला वाटलं. बाबाच नाही, आपण पण. असं वाटत होतं की डोकं काचेला टेकावं आणि हे असंच चालू राहावं, भिंत जात राहावी, गवत जात राहावं, काहीही सिद्ध होऊ नये. पडलीच नाही बंद तर? तर मग बाबांचं खरं. हा विचार त्यानं इतका वेळ दाराबाहेर उभा ठेवला होता, आणि तो आता आत येऊन शेजारी बसला. आपल्याला गाड्या कळतात, माणसं कळत नाहीत. फोटोतल्या आजोबांचं नाक, बाबांचं नाक, आपलं नाक, तिन्ही सारखीच. कुणी सांगावं नाकाबरोबर आणखी काय काय आलंय ते.

उताराच्या मध्यावर आवाज बदलला. थांबला नाही, बदलला. कुणी मागून कॉलर धरून ओढावं तशी गाडी जड झाली. काटा पडला. धाडकन, बोटानं ढकलल्यासारखा. आणि भिंत मागे जात होती, गवत मागे जात होतं, इंजिन चाकांमागून रडत फिरत होतं. बाबांचा पाय क्लचवर गेला आणि वरच्या वर थांबला. बाबा काट्याकडे बघत नव्हते. ते त्याच्याकडे बघत होते, त्याच्या डोळ्यांकडे, की हे डोळे कुठे बघतायत.

"शून्य," ठिणग्या म्हणाला. त्याला ओरडायचं होतं, पण आवाज लहान आला.

"तुला पण दिसतोय?"

"दिसतोय."

"आणि रस्ता?"

"जातोय मागे. बाबा, पुढे बघा ना."

"दोन्ही दिसतंय? तुला?"

"दोन्ही."

उतार संपला तशी गाडी दोन आचके देऊन उभी राहिली, आणि दुसऱ्या आचक्याला खाली रस्त्यावर खण्णकन काहीतरी पडलं. दुपारी हरवलेला पाना. बाबा हसले. हसणं छातीतून आलं आणि मध्येच कुठेतरी वळलं, मग त्यांनी पिवळं फडकं काढलं आणि काट्यावरची काच पुसायला लागले, जी स्वच्छच होती. स्कॅनरच्या पडद्यावर क्रँकच्या सेन्सरचा दोष येऊन बसला होता, एक अक्षर आणि चार आकडे. दिवसभर ज्याची वाट बघितली त्याच्याकडे ठिणग्यानं नीट बघितलंसुद्धा नाही. फोन परत वाजला. बाबांनी तो खिशातून काढून उलटा करून ठेवला. वाजू दिला.

"आम्ही कुणी वर बघितलंच नाही रे," ते म्हणाले.

"कुठे?"

"घड्याळाकडे. ते म्हणायचे बंद आहे, आणि आम्ही बाहेरच्या खोलीतूनच सांगायचो, चालू आहे. टिकटिक ऐकून. काटे बघायला कुणी आत गेलंच नाही. काय माहीत..." फडकं काचेवर फिरत राहिलं. "त्यांचं पुढे गेलंच सगळं, ते खरं. पण घड्याळाचं काय माहीत."

 ठिणग्यानं राग शोधला तर तो जागेवर नव्हता. तो दार उघडून उतरला, पाना उचलला, गरम होता तो या हातातून त्या हातात करत राहिला. मिस्त्रीकडचा सेन्सर आणायचा, मीटर आणायचं, जॅक आणायचा. भिंत संपेपर्यंत चालत जायचं आणि अंधार पडायच्या आत परत यायचं. "टर्मिनलला हात लावू नका," त्यानं खिडकीतून सांगितलं. "मिस्त्रीला दाखवायचंय. मी येईपर्यंत गाडीला लक्षात राहू दे."

"नाही लावत." बाबांनी फडक्याची घडी केली. मग ती उलगडली. "ऐक. तुझं ते शाळेचं. ते कसं व्हायचं रे? हळूहळू, की धाडकन?"

भिंतीची सावली रस्त्यावर आली होती आणि गाडीच्या टपापर्यंत चढत होती. इंजिन गार होताना बारीक टिकटिक करत होतं. ठिणग्यानं तोंड उघडलं. एवढी तयारी केलेली, वर्षभर पाठ असलेली, आणि आता सुरुवात कुठून ते सापडेना. मनातल्या मनात बोट त्या दातेरी चाकाच्या कडेवरून जात होतं, जात होतं, आणि त्या जागेशी येऊन आत गेलं.

"सांगतो," तो म्हणाला. "येऊन सांगतो. आता मला निघायला हवं."